बिऱ्हाडासोबत फिरणारी भट्टी

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. ती गाजते बैलबाजारामुळे आणि घोंगड्यांमुळे. पण बैल घ्यायला आलेला शेतकरी अवजारंही पाहतोच. यात्रा आटोपली की राबाचे दिवस येतात. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जमीन भाजण्यासाठी फांद्या तोडायच्या, तर कोयत्याला धार हवी.

हा कोयता हातात धरून कुणी रानात जात नाही. मुरबाड-शहापूरचे ठाकूर, कातकरी, कुणबी कमरेला आकडी बांधतात आणि कोयता तिच्यात अडकवतात. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे. हत्यार ठेवायची जागा माणसाबरोबर फिरते, ती अशी.

कोयता घडवणाऱ्याचं तर सगळं घरच फिरतं. गावचा सुतार बलुतेदार, त्याला वर्षाचं धान्य बांधलेलं असे. घिसाडी मात्र बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडणारा लोहार. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत घिसाडी, गाडी लोहार, चितोडी लोहार ही नावं शेजारी शेजारी येतात. घिसाड्यांची तारीमुकी ही बोली ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात गुजरातीच्या खंडात नोंदलेली आहे. असंच फिरतं घर असलेल्या राजस्थानातल्या गाडिया लोहारांनी, चितोडचा किल्ला शत्रूच्या हाती पडल्यावर, गड परत मिळेपर्यंत घर बांधायचं नाही अशी शपथ घेतल्याची परंपरा सांगितली जाते. 1955 मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत त्यांना चितोडगडावर समारंभाने परत नेण्यात आलं.

फिरायचं म्हणजे जड काही ठेवून चालत नाही. घिसाड्याच्या कारखान्याची मांडणी म्हणूनच आटोपशीर. गावाबाहेरच्या झाडाखाली जमिनीत खड्डा केला की भट्टी झाली. लाकडाचा ओंडका अर्धा पुरला आणि छोटी ऐरण तिच्या खालच्या टोकाने त्यात ठोकली की ठिय्या झाला. आधी चामड्याचा भाता, नंतरच्या काळात हाताने फिरवायचा पंखा. पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, हातोडीने जागा दाखवतो आणि नेमक्या त्याच जागी बाईचा घण पडतो. काम संपलं की ऐरण उपटायची, भाता गुंडाळायचा, निघायचं.

बैलगाडीच्या चाकाची धाव चढवणं हे लोहारकामातलं कौशल्याचं काम. आरे, तुंबा, पुठ्ठे हे चाकाचे लाकडी भाग सुताराचे. धाव, म्हणजे बाहेरची लोखंडी पट्टी, चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची. गोवऱ्यांच्या जाळात लाल झाली की ती फुगते. सांडशांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्र आवाज होतो, वाफ उठते, पट्टी आक्रसते, सांधे करकचून आवळले जातात.

मग रबरी टायरच्या गाड्या आल्या, लोक त्यांना डनलॉपच्या गाड्या म्हणू लागले. धावेचं काम घटलं. धार लावणाऱ्याने मात्र चाकालाच कामाला लावलं. आधी लाकडी घोडीवर सराण, म्हणजे धार लावायचं गोल चाक, पायाने फिरवायचं. नंतर सायकलच स्टँडवर उभी करायची, मागच्या चाकावरून पट्टा घ्यायचा आणि पेडल मारून सराण फिरवायचं. तीच सायकल त्याला पुढच्या गावी नेते.

आता वेल्डिंग मशीन हातगाडीवर किंवा टेम्पोत बसून कामाच्या जागी येतं. घरच्या शेडमध्ये ग्राइंडरसाठी अँगलचं स्टँड जोडून त्याला चार छोटी चाकं लावली जातात. राबाच्या दिवसांत त्याच ग्राइंडरवर कोयता फिरतो, ठिणग्या उडतात, आणि धार लागलेला कोयता पुन्हा आकडीत जातो.