खानावळीचा हिशेब आणि आपलं वीजबिल

परवा कट्ट्यावर वीजबिलावरून जुंपली. एक जण म्हणाला, "सगळं खाजगी करून टाका, मोबाईलसारखी वीजही स्वस्त होईल." दुसरा उसळला, "एन्रॉन विसरलास काय?" मी तेव्हा गप्प बसलो. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर होतं. राहिलेलं इथे लिहितो.

आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर वीज आणली ती खाजगी कंपनीनेच. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि लोणावळ्याच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे मुळशीच्या धरणासाठी मावळातले शेतकरी जमीन द्यायला तयार होईनात. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. शेवटी ब्रिटिश सरकारने भूसंपादन कायद्याचा बडगा उगारून ती जमीन कंपनीला मिळवून दिली. म्हणजे बाजार तेव्हाही सरकारच्या खांद्यावर बसूनच आला होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा वीजपुरवठा कायदा आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ. नफा बघणाऱ्या कंपनीने वाड्यावस्त्यांवर खांब टाकले नसते, मंडळाने टाकले. हे श्रेय द्यायलाच हवं. पण दरात राजकारण शिरलं. शेतीपंपाला मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आकार, त्यातली तूट कारखान्यांच्या बिलातून भरायची, आणि किती गळती, किती चोरी, किती शेती, याचा धड हिशेब नाही. नव्वदीच्या सुरुवातीला देशभरातल्या मंडळांकडे नवे प्रकल्प उभारायला पैसा उरला नव्हता.

म्हणून १९९१ मध्ये वीजनिर्मिती खाजगी कंपन्यांना खुली झाली. जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसं आली आणि काही दिवसांतच सामंजस्य करार झालासुद्धा. निविदा नाही, स्पर्धा नाही. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला, तरी डिसेंबरात वीजखरेदी करारावर सह्या झाल्या. १९९५ मध्ये सरकार बदललं, करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प परत आला. मे १९९९ मध्ये गुहागरजवळ ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला.

करारातली मेख समजायला खानावळ आठवा. महिन्याचे पैसे ठरलेले, जेवा नाहीतर जेवू नका. तीस दिवस जेवलात तर ताट स्वस्त पडतं, दहाच दिवस जेवलात तर तेच ताट तिप्पट महाग. दाभोळचा स्थिर आकार असाच होता. वर नाफ्थाचे आणि डॉलरचे भाव चढले. मंडळाला ही वीज परवडेना म्हणून ते कमी उचलायचं, आणि कमी उचलली की युनिट आणखी महाग. २००० मध्ये एका महिन्यात युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये प्रकल्प थांबला आणि डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

२००५ च्या भारनियमनात आमच्याकडे रात्र कंदिलावर काढायची वेळ आली होती. तेव्हाही दाभोळची यंत्रं बंदच पडून होती. ते आठवलं की आजही चीड येते.

आता सांगा, याला मुक्त बाजार म्हणायचं? एकच विक्रेता, एकच गिऱ्हाईक, बंद दाराआड ठरलेला दर आणि वर सरकारची हमी. बरं, याला नियमन तरी म्हणायचं का? राज्याचा वीज नियामक आयोग स्थापन झाला १९९९ मध्ये, करार झाल्यावर सहा वर्षांनी. चोर गेल्यावर कुलूप.

नियम आणि स्पर्धा एकत्र आले की काय होतं, हेही आपण पाहिलंय. २००३ च्या वीज कायद्याने औष्णिक निर्मितीचा परवाना काढून टाकला आणि स्पर्धात्मक निविदांना जागा दिली. राजस्थानातल्या भडला इथे २०१७ मध्ये सौरवीज युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आली. कंपन्या एकमेकींशी भिडल्या, पण मैदान सरकारने आखलं होतं.

एक धोका मात्र आहेच. मोठे कारखाने खुल्या बाजारातून वीज घेऊ लागले की मंडळाच्या वारसदार कंपनीकडे उरतात घरगुती ग्राहक आणि शेतकरी. मग ती तूट कोणाच्या बिलात चढणार? आपल्याच. म्हणून त्यावर अधिभार आहे, आणि तो किती असावा यावरच आज खरी रस्सीखेच चालते.

माझं मत विचाराल तर, वीज कंपनीने बनवावी की सरकारने, यावर भांडण्याआधी करार उघडा आहे का, ते बघा. दर ठरवताना आयोग जाहीर सुनावणी घेतो, सामान्य ग्राहकालाही तिथे बोलता येतं. पेपरात कोपऱ्यात नोटीस येते, आपण पान उलटतो. पुढच्या वेळी उलटू नका. १९९३ मध्ये लोकांना अशी संधी नव्हती. आपल्याला आहे.