लातुरातील इंग्रजी वाणीची पूर्वपीठिका

निझामाच्या अमदानीत उस्मानाबाद जिल्ह्याचा तालुका असलेल्या लातुरात घरी मराठी आणि कचेरीत उर्दू चाले. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूला उच्च शिक्षणाचे माध्यम करून इंग्रजी हा अनिवार्य विषय म्हणून राखला, तरी खेड्यातील मराठी मुलाच्या कानावर ती भाषा क्वचितच पडे. त्यातच ‘गश्ती निशाण 53’ या निझाम सरकारच्या परिपत्रकान्वये पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा भरविण्यास मनाई होती. चारचौघांत उभे राहून बोलणे हेच जेथे संशयास्पद ठरे, तेथे स्वभाषेतील वक्तृत्वाचीही कुचंबणा झाली, हे मराठवाड्याच्या मुखदुर्बलतेला बोल लावणाऱ्यांनी विसरू नये.

17 सप्टेंबर 1948 रोजी निझामाचा अंमल संपला. 1970 मध्ये लातुरात निघालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचेच प्राध्यापक, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे साक्षेपी अभ्यासक आणि पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे आद्य कुलगुरू. परंतु ज्या ‘लातूर पॅटर्न’ने महाराष्ट्रभर कीर्ती मिळविली, तो सराव-परीक्षांचा, म्हणजे लेखणीचा पराक्रम होता. गुणपत्रिकेत इंग्रजी आली, जिभेवर आली नाही. 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाली, तरी वर्गातील एका शिक्षकाने प्रत्येक मुलाला बोलते करावे इतका वेळ तासिकेत कोठून असणार? 2019 च्या दहावीच्या परीक्षेत तर भाषांचे तोंडी परीक्षेचे गुणच रद्द झाले. निकाल घसरल्यावर ते पुन्हा बहाल करण्यात आले.

मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपे लागली, आणि अनेक घरांतील मुले वडिलांच्या मोबाइलपुढे उभी राहून कविता, गोष्ट, स्वतःची ओळख इंग्रजीत सांगून ती चित्रफीत गुरुजींकडे धाडू लागली. निरुपायाने पडलेल्या या प्रघाताचे शैक्षणिक मोल मला फार मोठे वाटते. वर्गात अडखळलेला शब्द परत घेता येत नाही आणि हसणारे सोबती समोर असतात. येथे मूल स्वतःचा आवाज स्वतः ऐकते, चूक ओळखते, पुसून पुन्हा बोलते, आणि मनास येईल तेव्हाच ते गुरुजींपुढे ठेवते. शब्दांची निवडही त्याचीच असल्यामुळे पाठांतराचे ओझे हलके होते.

शाळा उघडल्या म्हणून हा प्रघात मोडू देऊ नये. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांच्यासाठी शाळेचा फोन द्यावा, मुलांच्या चित्रफिती वर्गाबाहेर जाऊ देऊ नयेत, आणि तोंडी परीक्षेचे 20 गुण देताना वर्षभराच्या या बोलण्याचा हिशेब धरावा, अशी लातूर-नांदेडच्या इंग्रजी शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे.