पेठेतली पहाटेची मेहनत

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात रंकाळ्याभोवती पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी वाढते आणि संक्रांत सरेपर्यंत ओसरते, हे कोल्हापूरकरांना सवयीने ठाऊक असते. ‘उद्यापासून नक्की’ असा निश्चय माणूस एकट्याने करतो आणि एकट्यानेच मोडतो. याच शहराच्या पेठांत मात्र पिढ्यानपिढ्या न मोडलेला एक रिवाज आहे. उजाडण्यापूर्वी उठायचे, लंगोट कसायचा, मारुतीला हात जोडायचे, कुस्तीच्या हौद्यातली माती उकरायची आणि अंगातून घामाच्या धारा लागेपर्यंत जोर-बैठका काढायच्या. शरीराच्या रोजच्या निगेला इथे तालीम नावाचे स्वतःचे घर मिळाले. हे घर कुणी बांधले, कुणाकुणाच्या हाती गेले आणि आज त्यात कोण राहते, हे पाहायचे तर आपल्याला जवळजवळ नऊशे वर्षे मागे जावे लागेल.

बाराव्या शतकात कोल्हापूरवर शिलाहारांचे राज्य होते आणि ते कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणवत. त्या कल्याणीच्या गादीवर 1126 ते 1138 या काळात तिसरा सोमेश्वर होता. त्याने 1130 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावे, काय ल्यावे, कशात मन रमवावे, याचा तो कोशच आहे. त्यातला ‘मल्लविनोद’ हा भाग आजच्या कुठल्याही वस्तादाला वाचून दाखवावा असा आहे. मल्लांची वय आणि ताकदीनुसार प्रतवारी, त्यांचा दूध-तुपाचा खुराक, मेहनतीचे वार, सगळे त्यात नोंदले आहे. मेहनतीचे प्रकारही वेगवेगळे सांगितले आहेत. वजन उचलण्याचा भारश्रम, पहाटे चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यात उतरून करायचा सलिलश्रम आणि खांबाशी झुंजण्याचा स्तंभश्रम. या शेवटच्यात अभ्यासक मल्लखांबाचा पूर्वज पाहतात. रंकाळ्याला फेरी घालणारे, पंचगंगेत पोहणारे आणि जिममध्ये वजने उचलणारे, अशी आजची तिन्ही माणसे त्या जुन्या यादीत आपापल्या जागी सापडतात. फरक एवढाच, की सोमेश्वराचे मल्ल राजाच्या करमणुकीसाठी पोसलेले होते. खुराक राजाचा, मेहनत राजासाठी, आणि राजाची मर्जी फिरली की दोन्ही बंद.

ही मेहनत दरबारातून गावात आली ती सतराव्या शतकात, आणि तिच्याबरोबर मारुती आला. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगाव हे दोन आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. दोन्ही त्या शतकाच्या मध्याला बसले. शक्तीचा देव गावात बसला आणि बलोपासना हा देवपूजेचाच भाग झाला. ती सामान्य कुणब्याच्याही आवाक्यात आली, कारण जोर काढायला दोन हात जमिनीवर टेकता येण्याइतकीच जागा लागते. माझ्या मते या सगळ्या प्रवासातले पहिले मोठे वळण हेच. आजही मारुतीवाचून तालीम सापडणे कठीण. ज्या तालमीत मुसलमान वस्ताद घडले, तिथेही हौद्यात उतरताना मातीला हात लावून तो कपाळी नेण्याची रीत एकच होती.

पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर हे नाव येते. मागे पडलेला मल्लखांब त्यांनी पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. पुढे या विद्येची एक शाखा त्यांच्याबरोबर काशीपर्यंत पोहोचली. 1818 मध्ये पेशवाई गेली, पण कोल्हापूरची गादी राहिली आणि तिच्याबरोबर शिपाईगिरीची जुनी रगही राहिली. 1844 मध्ये इथल्या गडकऱ्यांनी बंड केले. 31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापुरातली 27 वी पलटण उठली. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात शस्त्रे काढून घेण्याची इंग्रजांची मोहीम चालली आणि तिच्याविरुद्ध मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी प्राण दिले. आपल्या विषयाशी या घटनांचा संबंध जवळचा आहे. तोवर पेठेतल्या तालमीत दांडपट्टा, लाठी, बोथाटी आणि कुस्ती एकत्र नांदत होती, कारण लढणारे शरीर घडवणे हाच तिचा हेतू होता. शस्त्र हातचे गेले तेव्हा एक वाटा मर्दानी खेळ म्हणून सणासमारंभांपुरता उरला, आणि रोजच्या पहाटेवर कुस्तीचा हक्क पक्का झाला. शत्रूच उरला नाही, तरी शरीर मात्र रोज तयार ठेवायचे, हे विलक्षण व्रत तिथून सुरू झाले.

या व्रताला राजाश्रय मिळाला तो 2 एप्रिल 1894 रोजी गादीवर बसलेल्या शाहू महाराजांचा. महाराज स्वतः मेहनतीचे शौकीन होते. देशभरातले मल्ल त्यांनी कोल्हापुरात आणले, त्यांचा खुराक बांधून दिला, आणि जात न विचारता तालमींची दारे उघडी करण्याचा आग्रह धरला. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते युरोपात गेले, तेव्हा रोमचे कलोसियम त्यांनी पाहिले. त्या दर्शनातून खासबाग मैदान जन्मले. 1907 मध्ये काम सुरू झाले आणि 1912 मध्ये मैदान पुरे झाले. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली गोल बैठक. कुठेही बसा, पैलवानाच्या पाठीला माती लागली की नाही हे दिसतेच. थोरल्या गामाचा भाऊ इमामबक्ष याच मैदानात गुलाम मोहिद्दीनशी लढला. शाहूंनी मल्ल पोसले, हे सगळेच सांगतात. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की त्यांच्यामुळे खेड्यातल्या बापाला आपल्या पोराने तालमीत राहणे हे प्रतिष्ठेचे वाटू लागले. गावाकडून भाकरीचे गाठोडे घेऊन आलेली पोरे तालमीतच झोपत, तिथेच रांधत, आणि वस्तादाच्या शब्दाबाहेर जात नसत.

त्या तालमीतली एक पहाट जवळून पाहू. भवानी मंडपाजवळची मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी किंवा मठ तालीम, कुठलीही घ्या. दिवस मातीपासून सुरू होतो. ती रानातून आणून चाळून घेतलेली असते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, काव आणि कापूर मुरवलेला असतो. खोऱ्याने हौदा उकरणे ही पहिली मेहनत, आणि ती कुणालाच चुकत नाही. मग सपाटे, बैठका, जोर, त्यानंतर जोडीदाराशी लढत. अंगावर माती थापून घामाची चिकट ओल जिरवली जाते. शेवटी थोराने लहानाचे आणि लहानाने थोराचे अंग रगडायचे. मेहनत झाली की कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून थंडाई होते. दूध तर कोल्हापूरला कधीच परके नव्हते. गंगावेशीच्या कट्ट्यावर आजही म्हशी आणून बांधतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ पेला तिथेच रिकामा होतो. या सगळ्यात एक बारीक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कोण आला नाही, हे वस्तादाला न मोजता कळते. दुपारपर्यंत निरोप घरी पोहोचतो.

शेजारच्या औंध संस्थानात शाहूंच्याच काळात वेगळाच प्रयोग चालू होता. भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी सँडो या पाश्चात्त्य व्यायामवीराच्या डंबेल्सचे भक्त होते आणि कित्येक वर्षे त्यांनी ती साधने वापरली. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचेच झाले. 1909 मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानच्या शाळांत नमस्कार सुरू केले. 1928 मध्ये त्यांचे सूर्यनमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले, तर 1938 मध्ये लंडनहून दुसरे. त्यांनी मेहनत तालमीतून काढून घरातल्या सतरंजीवर आणली, आणि मुख्य म्हणजे बायकांपर्यंत नेली. आज जगभर ज्या आसनमालिकेने लोक दिवस सुरू करतात, तिच्या प्रसारात या राजाचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात त्याचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही, याची खंत वाटते.

संस्थाने विलीन होण्याच्या सुमारास कोल्हापूरच्या मेहनतीला पुन्हा नवा धनी शोधावा लागला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकत होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला आणि मॅटची सवय नसतानाही खाशाबा सहावे आले. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. 1952 च्या हेलसिंकीसाठी पैसे उभे करायची वेळ आली, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले, गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. चार वर्षांत आश्रयदाता राजा होता तो मास्तर झाला. पुढे 1959 मध्ये श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी ठरले, पाठोपाठ मोतीबागेत घडलेले गणपतराव आंदळकर 1960 मध्ये. साखर कारखाने मल्लांना मानधन देऊ लागले. ऊसपट्ट्यातल्या सहकाराने राजाची जागा काही काळ चालवली.

दरम्यान पेठेतल्या तालमीनेही रूप पालटले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे आजच्या पोराला कुस्तीपेक्षा शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलमुळे जास्त ठाऊक आहेत. तालमीचे मंडळ झाले, गणपती बसू लागला. बाबूजमाल तालमीत तर तिथी जुळल्या की गणपती आणि मोहरमचा पंजा एकाच छताखाली बसतात. कित्येक ठिकाणी हौद्याच्या जागी जिमची यंत्रे आली. मला त्याचे दुःख नाही, कारण भारश्रम नऊशे वर्षांपूर्वीही होताच. दुःख होते ते पहाटे कुलूप असलेल्या तालमींचे, ज्या फक्त वर्गणी आणि मिरवणुकीपुरत्या उघडतात. दुसरी उणीव याहून जुनी आहे. हे घर बायकांसाठी नव्हते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा व्हायला 2023 साल उजाडले. ती सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. कोल्हापूरच्या पोरींनी तोवर दुसरी वाट धरली होती. 2010 मध्ये तेजस्विनी सावंत नेमबाजीत जगज्जेती झाली, 2018 मध्ये राही सरनोबतने आशियाई सुवर्ण आणले. 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्य मिळवले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षे लागली.

राजाचा खुराक, प्राचार्यांचे घर, कारखान्याचे मानधन, असे आधार आले आणि गेले. मेहनत टिकली ती पेठेत, जिथे गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात येते. म्हणून तालीम मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. इमारत चार मजली करा, खाली गाळे काढा, पण पहाटेचे दोन तास तळमजला पेठेसाठी मोकळा ठेवा. पोरांबरोबर पोरींना आणि साठी उलटलेल्या त्यांच्या आजी-आजोबांनाही तिथे येऊ द्या, आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे असा एक वस्ताद दाराशी बसवा. तो नसेल, तर बाकी सगळे असून उपयोग नाही.