लसीकरण, शालेय वयातील

सामान्यतः ९ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींना, मुख्यत्वे शाळेच्या माध्यमातून, विशिष्ट संसर्गजन्य रोगांवरील लशी टोचण्याच्या पद्धतशीर उपक्रमास शालेय वयातील लसीकरण म्हणतात. तान्हेपणी दिलेल्या काही लशींमुळे निर्माण झालेली प्रतिकारक्षमता कालांतराने क्षीण होते. ती पुन्हा वाढविणे हा त्याचा एक हेतू, आणि ज्या संसर्गाचा संभव तारुण्यात प्रथम उद्भवतो त्याविरुद्ध शरीराची आधीच सिद्धता करून ठेवणे हा दुसरा. भारतात धनुर्वात व घटसर्प यांवरील टी. डी. ही संयुक्त लस १० व्या व १६ व्या वर्षी देण्यात येते. मानवी पॅपिलोमा व्हायरसावरील लशीची शिफारस ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी आहे.

लसीकरणाच्या इतिहासात या वयाचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी गोस्तनदेवीची लस टोचली ती जेम्स फिप्स या ८ वर्षांच्या मुलाला. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी अलर्क रोगावरील लस वापरली ती जोझेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलावर. १८०३ मध्ये स्पेनहून अमेरिकेकडे निघालेल्या बाल्मीस मोहिमेत लस जिवंत राहावी म्हणून २२ अनाथ मुलगे जहाजावर घेतले होते. एकाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचीत लस सागरापार नेण्यात आली. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या ३ वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. ही भारतातील पहिली यशस्वी टोचणी होय. तिच्यापासून याच साखळी पद्धतीने लस पुणे, सुरत, मद्रास व हैदराबाद येथे पोहोचली. मुलाचा दंड हे लशीचे वाहन होते. त्याच्या वा त्याच्या पालकांच्या संमतीचा उल्लेख या हकीकतींत क्वचितच आढळतो.

पुढे लसीकरणास कायद्याचे अधिष्ठान लाभले, तेव्हा त्याचा रोख अर्भकांकडे वळला. मुंबई शहरासाठी १८७७ चा व इलाख्यातील जिल्ह्यांसाठी १८९२ चा लसीकरण कायदा झाला. जालना परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने हे कायदे तेथे लागू नव्हते. स्वातंत्र्यानंतर बी. सी. जी. लसीकरणामुळे शाळा प्रथमच मोठ्या प्रमाणावर लसीकरणाचे स्थान बनली (१९४९). १९५१ पासून ही मोहीम देशव्यापी झाली. तथापि १९७८ चा विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ चा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम या दोहोंचे केंद्र पुन्हा अर्भक व गर्भवती माता हेच राहिले. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या जालना जिल्ह्याची आरोग्ययंत्रणा याच काळात आकारास आली.

शालेय वयासाठी उरली ती धनुर्वाताची लस. तिच्यामागील विचार दूरदर्शी होता. मुलीला वेळेवर मात्रा मिळाल्यास तिच्या शरीरातील प्रतिपिंडे पुढे गर्भाला मिळतात आणि नवजात बालक धनुर्वातापासून वाचते. भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले, त्याचे काही श्रेय या टोचणीकडे जाते. घटसर्पाच्या बाबतीत मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. अर्भकांचे लसीकरण वाढल्यावर हा रोग लहान मुलांत घटला, पण प्रतिकारक्षमता ओसरलेल्या मोठ्या मुलांत तो आढळू लागला. म्हणून २०१९ पासून केवळ धनुर्वाताच्या लशीऐवजी टी. डी. लस आली. तिच्यात घटसर्पाच्या निर्विष केलेल्या जंतुविषाचे प्रमाण अर्भकांच्या लशीपेक्षा कमी ठेवलेले असते. मोठ्या वयात पूर्ण प्रमाणामुळे टोचल्याजागी तीव्र सूज येण्याचा संभव असतो. गोवर व रुबेला यांवरील लशीची मोहीम महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. ती ९ महिने ते १५ वर्षांखालील सर्वांसाठी असल्याने आरंभीचा बराच भार शाळांनी उचलला.

यापुढील लस गर्भाशय ग्रीवेच्या कर्करोगाशी संबंधित आहे आणि तिच्या इतिहासात मराठवाडा व त्यालगतचा प्रदेश यांचा वाटा मोठा आहे. २०२० च्या अंदाजानुसार भारतात या रोगाचे सु. १ लाख २४ हजार नवे रुग्ण आढळले व सु. ७७ हजार स्त्रिया दगावल्या. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांच्या ५२ समूहांतील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांच्या पाहणीत टाटा मेमोरियल केंद्र व बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय यांचा सहभाग होता. आयुष्यात एकदाच केलेल्या व्हायरस-चाचणीने व त्यानंतरच्या उपचारांनी या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे तीत दिसून आले (२००९). त्याच वर्षी बार्शी, पुणे, मुंबई यांसह देशातील नऊ ठिकाणी १० ते १८ वर्षांच्या अविवाहित मुलींना लशीच्या दोन की तीन मात्रा द्याव्यात, याचा अभ्यास सुरू झाला. मध्यंतरी आंध्र प्रदेश व गुजरात येथील एका वेगळ्या लस-प्रकल्पातील काही मुलींच्या मृत्यूंमुळे वादळ उठले. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण वसतिगृहातील मुलींच्या बाबतीत पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. हा आक्षेप गंभीर होता आणि तो योग्यच होता. एप्रिल २०१० मध्ये शासनाने देशातील अशा सर्व अभ्यासांतील लसीकरण थांबविले. परिणामी अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली, आणि अपुऱ्या राहिलेल्या या अभ्यासातूनच सर्वांत उपयुक्त निष्कर्ष निघाला. सु. दहा वर्षांच्या निरीक्षणानंतर, प्रकार १६ व १८ च्या चिवट संसर्गापासून एका मात्रेनेही सु. ९५ टक्के संरक्षण मिळते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची या व्हायरसावरील भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये उपलब्ध झाली.

ही लस संसर्गापूर्वीच टोचावी लागते. झालेला संसर्ग ती नाहीसा करीत नाही. त्यामुळे जेथे मुलींची लग्ने लवकर होतात तेथे तिला मिळणारा अवधी अल्प असतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना पाठविलेल्या पत्रात हे लसीकरण प्रामुख्याने पाचवी ते दहावीच्या वर्गांतून करण्याचे योजले होते; शाळेबाहेरील मुलींपर्यंत फिरत्या पथकांनी पोहोचावे, असेही त्यात सुचविले होते. जालना जिल्ह्यात ही दुसरी सूचना अधिक महत्त्वाची ठरते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा आदी तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कुटुंबे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हजेरीपटावर नाव असलेली मुलगी पथक शाळेत येते त्या दिवशी उसाच्या फडात असू शकते, आणि ज्या तालुक्यात तो फड असतो तेथील याद्यांत तिचे नाव नसते. अशा मुलांसाठी शासनाने गावोगावी हंगामी वसतिगृहांची योजना आखली आहे. तेथे राहणारी मुलगी पथकाला सापडते, परंतु आईवडील दूर असतात आणि बहुधा आजी तिचा सांभाळ करते. संमतिपत्रावर अंगठा कोणाचा घ्यावयाचा, हे अशा ठिकाणी पथक गावात पोहोचण्यापूर्वी ठरवावे लागते.