एम१डीजी

डीएनएच्या इजेतून सुटणारे आणि रक्तावाटे यकृतात पोचून रूपांतरित होणारे न्यूक्लिओसाइड. पेशीपटलांतील बहुअसंपृक्त मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण होताना मॅलोनडायाल्डिहाइड हे तीन कार्बनी संयुग तयार होते. प्रोस्टाग्लँडिनांच्या निर्मितीतही ते उपपदार्थ म्हणून मिळते. त्याची डीएनएतील ग्वानिनाशी विक्रिया झाली, की ग्वानिनाच्या दोन वलयांना तिसरे वलय जोडले जाते; हीच एम१डीजी जोडणी. निरोगी माणसाच्या यकृतातील डीएनएतही अशी जोडणी सापडते, हे १९९४ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे तिला केवळ विषारी द्रव्यांची वा किरणोत्साराची खूण समजणे चुकीचे आहे.

दुपेडी डीएनएत समोर सायटोसीन असेल तर हे तिसरे वलय उघडते, डीएनएचे पेड सुटे झाल्यावर ते पुन्हा मिटते. जोडणी तशीच राहिल्यास पेशीविभाजनाच्या वेळी उत्परिवर्तन होऊ शकते. दुरुस्ती करणारी एंझाइमे इजा झालेल्या जागेसह सुमारे २४ ते ३२ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा कापून काढतात. त्याचे विघटन झाल्यावर एम१डीजी रक्तात येते.

त्याचे पुढे काय होते, याचा शोध अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात लॉरेन्स मार्नेट यांच्या गटाने घेतला. उंदरांच्या शिरेत हे संयुग टोचले असता त्याचा मोठा भाग यकृतात ६-ऑक्सो-एम१डीजी या रूपात बदलला. हे काम झँथीन ऑक्सिडोरिडक्टेज आणि अल्डिहाइड ऑक्सिडेज ही मॉलिब्डेनमयुक्त एंझाइमे करतात. नव्याने जोडला जाणारा ऑक्सिजन अणू ती पाण्यातून घेतात. यांपैकी पहिले एंझाइम शरीरात यूरिक अम्ल बनवते आणि गाउटवर दिले जाणारे अ‍ॅलोप्युरिनॉल त्यालाच रोखते. रूपांतरित संयुग लघवीबरोबरच पित्तावाटेही बाहेर पडते.

८-ऑक्सो-डीऑक्सिग्वानोसीन हे ग्वानिनाच्या ऑक्सिडीकरणातून होणारे संयुग मुख्यतः न बदलता लघवीत उतरते, म्हणून डीएनएच्या इजेचे माप म्हणून ते सर्रास वापरले जाते. एम१डीजीला तोच नियम लावता येत नाही. लघवीत ते अत्यल्प आढळले म्हणून इजा थोडी झाली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. यकृताने त्याचे किती रूपांतर केले, तेही मोजावे लागते. अ‍ॅलोप्युरिनॉल घेणाऱ्या रुग्णाची तपासणी करताना तर ही खबरदारी आवर्जून घ्यायला हवी.