वडिलांची टाटा इस्टेट कमी पैशांत पुन्हा रस्त्यावर आणायची, तर आधी काय करायचं?

नोव्हेंबर 2025 मध्ये टाटाची सिएरा नव्या रूपात बाजारात आली आणि नव्वदीतल्या गाड्यांचे जुने फोटो पुन्हा मोबाइलवर फिरू लागले. सिएराची धाकटी बहीण मात्र परत आली नाही. तिचं नाव टाटा इस्टेट.

आता समजा, तुम्ही कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टला जाता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांनी घेतलेली इस्टेट आठ-दहा पावसाळे उभी आहे. भंगारवाला अधूनमधून विचारून जातो. आई म्हणते, देऊ नको. खिशात पैसे बेताचे आहेत. आणि मित्र म्हणतात, "कोल्हापुरात काय बनत नाही? इथंच पार्ट ओतून घे की."

हे कितपत खरं आहे? थोडक्यात उत्तर असं : गाडी उभी राहू शकते, पण पार्ट ओतून घेतल्यानं ती स्वस्त होत नाही. पैसे वाचतात ते काम योग्य क्रमानं केल्यामुळं. तो क्रम समजून घेऊ.

टाटा इस्टेट म्हणजे नेमकी कोणती गाडी?

टाटा मोटर्सचं नाव 2003 पर्यंत टेल्को होतं. ट्रक बनवणाऱ्या या कंपनीनं 1988 मध्ये टाटामोबाइल हा पिकअप आणला. त्याच सांगाड्यावर 1991 मध्ये सिएरा आली आणि 1992 मध्ये इस्टेट. 1994 मध्ये सुमो आली. या गाड्या पुण्यात तयार व्हायच्या.

इस्टेट ही स्टेशन वॅगन. म्हणजे पुढून कार, पण छप्पर थेट मागच्या दारापर्यंत गेलेलं. पाच माणसं, त्यांच्या बॅगा आणि वर आंब्याच्या दोन पेट्या सहज बसायच्या. पॉवर स्टीअरिंग आणि पॉवर विंडो त्या काळात चैनीची गोष्ट होती. तरी आपल्याकडं ही गाडी फार खपली नाही आणि 2000 च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. नंतर इंडिगो मरीना, बलेनो अल्टुरा अशा वॅगन आल्या, त्याही टिकल्या नाहीत.

इस्टेटमध्ये 1948 सीसीचं डिझेल इंजिन आहे. त्याचं नाव 483. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा बोअर 83 मिलिमीटर, म्हणून 483. सुरुवातीच्या सुमोतही हेच इंजिन होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कमी बजेटवाल्यासाठी ती सगळ्यात मोलाची आहे.

आधी इंजिन की आधी कागद?

आधी कागद. गाडी झकास झाली आणि आरसी अडकली, तर ती शेडमध्येच राहणार.

तीन गोष्टी तपासा. पहिली, आरसी कुणाच्या नावावर आहे? वडील हयात नसतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31 भरावा लागतो. घरातल्या इतर वारसांची संमती आत्ताच घ्या, गाडी चमकल्यावर नको. दुसरी, आरसीवर बँकेचा बोजा दिसतो का? कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा राहून जातो. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. तिसरी, चासीवर कोरलेला नंबर वाचता येतो का आणि तो आरसीशी जुळतो का?

खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म 25 भरून, गाडी तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवतात. उशीर झाला की दंड महिन्यागणिक वाढतो. 20 वर्षांवरच्या हलक्या मोटारीसाठी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपये झालं. सगळ्यात शेवटची इस्टेटही आता 20 वर्षांच्या पुढं गेली आहे, त्यामुळं हे शुल्क तुम्हाला लागणारच. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. हा सगळा खर्च बजेटच्या पहिल्या ओळीत लिहा.

दिल्ली परिसरात 10 वर्षांवरची डिझेल गाडी चालवण्यावर निर्बंध आहेत. तो नियम कोल्हापूरला लागू नाही. व्हॉट्सअॅपवरचे फॉरवर्ड वाचून घाबरू नका.

गाडी वाचेल की नाही, हे कशावरून ठरतं?

गंजावरून. इंजिन कितीही बिघडलेलं असलं तरी ते दुरुस्त होतं, बदलता येतं. पण सांगाडा आतून खाल्ला गेला असेल, तर कमी बजेटमध्ये त्याला इलाज नाही.

इस्टेटची बॉडी वेगळ्या चासीवर बसवलेली आहे. त्यामुळं दोन्ही वेगवेगळं तपासावं लागतं. गाडी रॅम्पवर घ्या. एक बोथट स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी पुरे. चासीवर टकटक करत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हर आत गेला तर तिथं खडूनं खूण करा. दरवाजांखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, पुढच्या काचेची खालची कड, मागच्या दाराचा तळ आणि कार्पेटखालचा फ्लोअर या जागा सोडू नका.

फ्लोअरला दोन-चार भोकं असतील तर कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करता येतो. चासीलाच, तेही सस्पेन्शन किंवा स्टीअरिंग बसतं तिथं भोक असेल, तर थांबा.

आणि एक सावधगिरी. गंजावर लांबी भरून वरून रंग मारला की गाडी फोटोत छान दिसते. पण खाली ओल तशीच राहते आणि एक-दोन पावसाळ्यांत फुगे येतात. पेंटरला स्पष्ट सांगा : आधी कापा, मग वेल्डिंग, मग प्रायमर, लांबी सगळ्यात शेवटी आणि अगदी पातळ.

पार्ट मिळतात का?

पार्टचे तीन गट पाडा.

पहिला गट सुमो, सिएरा आणि टाटामोबाइलशी जुळणारा. इंजिनाचे बरेच भाग, क्लच, बेअरिंग वगैरे. इथं सुमोचा खप कामी येतो, कारण ती गाडी खूप वर्षं चालली. दुकानात "इस्टेटचं द्या" म्हणालात तर "मिळत नाही" असं उत्तर येईल. जुना पार्ट हातात घेऊन जा आणि त्यावरचा नंबर दाखवा.

दुसरा गट मापानं मिळणारा. रबर होज, दरवाजाचं बीडिंग, बल्ब, वायर, ऑइल सील. यांना गाडीचं नाव लागत नाही, माप लागतं.

तिसरा गट फक्त इस्टेटचा. मागच्या बाजूच्या मोठ्या काचा, मागचं दार, मागचे दिवे, आतलं प्लास्टिक. हे नवं मिळणं कठीण. म्हणून काम करताना या वस्तूंना सगळ्यात जास्त जपा. काच काढायची गरज नसेल तर काढूच नका.

मग कागलच्या फाउंड्रीत एक पार्ट ओतून मिळेल का?

कोल्हापूरचा हा उद्योग शेतीची ऑइल इंजिनं आणि पंप दुरुस्त करता करता वाढला. शिवाजी उद्यमनगरपासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत तो पसरला. कागलला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे, फाउंड्री आहेत. त्यामुळं मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

पण ओतकामाचं गणित पाहा. समजा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला. तो ओतायला आधी पॅटर्न लागतो, तोही मूळ मापापेक्षा साधारण एक टक्का मोठा, कारण बीड थंड होताना आकसतं. आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्स लागतो. मग वाळूचा साचा, ओतकाम, सफाई आणि मशिनिंग. हजार नग असतील तर पॅटर्नचा खर्च हजारांत वाटला जातो. एकच नग असेल तर सगळा तुमच्यावर. शिवाय भट्टीची एक हीट शेकडो किलोंची किंवा टनांची असते. पाच किलोंच्या पार्टसाठी कुणी ती लावत नाही. फाउंड्रीत कंपन्यांचे पॅटर्न असतात, पण ते बहुतेकदा त्या कंपन्यांच्याच मालकीचे. त्यातून परस्पर माल ओतून देता येत नाही.

कोल्हापूरचा खरा फायदा वेगळाच आहे, तो जॉबवर्कचा. हेड फेसिंग, बोअरिंग-होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, बुश आणि पिन टर्निंग, तडकलेल्या बीडाचं वेल्डिंग ही कामं एका नगासाठीही होतात. करणारे हात अनुभवी असतात आणि भाग बाहेरगावी पाठवावा लागत नाही.

मात्र एक रेघ ओढून ठेवा. ब्रेकचे भाग, स्टीअरिंगचे जॉइंट आणि सांधे लेथवर 'जमवून' घ्यायचे नाहीत. ते कंपनीचे नवेच घ्यायचे. मागच्या सीटवर घरची माणसं बसणार आहेत.

पैसे कोणत्या क्रमानं घालायचे?

1. गंज आणि चासी. इथं 'होणार नाही' असं कळलं, तर पुढचा सगळा खर्च वाचतो.

2. ब्रेक, स्टीअरिंग, टायर. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळं उभ्या गाडीत सिलिंडर आणि पाइप आतून गंजतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्यावरचे चार आकडे वाचा. 2312 म्हणजे 2012 सालचा 23 वा आठवडा. असा टायर बदलायचाच. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

3. डिझेल आणि पाणी. टाकी रिकामी करून धुवा. फिल्टर, होज बदला. रेडिएटर साफ करून घ्या.

4. इंजिन. उत्साहात थेट स्टार्टर मारू नका. ऑइल बदला, पान्यानं क्रँक हातानं फिरवून पाहा. मोकळा फिरला तर कॉम्प्रेशन तपासा. पंप-नोझल कॅलिब्रेशन करा. धूर दिसला म्हणून लगेच इंजिन उघडू नका, बऱ्याचदा दोष नोझलमध्येच असतो.

5. वायरिंग. उंदरांनी कुरतडलेली वायर टेप लावून झाकू नका. आग तिथूनच लागते.

6. सीट, बेल्ट, कार्पेट. मागे नवे सीट बेल्ट बसवायचे तर पातळ पत्र्याला नको, मजबूत अँकरला.

7. रंग. सगळ्यात शेवटी. आरसीवर आहे तोच रंग ठेवा. बदललात तर आरटीओत नोंद करावी लागते.

बहुतेकांचं इथंच चुकतं. रंग आधी होतो, फोटो पडतात, लाइक्स मिळतात आणि ब्रेकपर्यंत पोचण्याआधी पैसे संपतात. एकूण रकमेतला निदान तिसरा हिस्सा बाजूला ठेवा, कारण गाडी उघडल्यावर नवं काहीतरी निघतंच.

कुणी सुचवेल, "सुमोचं टर्बो इंजिन टाक." मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. अपघात झाल्यास विम्यातही अडचण येऊ शकते.

विंटेज नोंदणी मिळेल?

आत्ता नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली गाडीच विंटेज ठरते. तिच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात आणि ती रोज वापरता येत नाही. 1992 च्या इस्टेटला त्यासाठी 2042 उजाडावं लागेल. तोवर साध्या नोंदणीवर ती रोज चालवता येते, हा उलट फायदाच आहे.

विमा काढताना आणखी एक करा. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा रक्कम मालक आणि कंपनी आपसांत ठरवतात. कामाची बिलं आणि फोटो जपून ठेवलेत तर बोलायला आधार मिळतो.

आणि चासीच गेली असेल तर?

मग गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि प्रमाणपत्र घ्या. त्यावर नोंदणी रद्द होते आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिली, तर गाडी कागदोपत्री तुमच्याच नावावर राहते.

देण्याआधी मागच्या काचा, दिवे आणि दाराचं हँडल काढता आलं तर काढून ठेवा. दुसऱ्या एखाद्या शेडमध्ये कुणीतरी नेमकं तेच शोधत असतं. आणि आईला विचारा, त्या गाडीतलं तिला काय ठेवायचं आहे. कधी कधी उत्तर फक्त स्टीअरिंग व्हील एवढंच असतं.