मौनांतील व्याधि

स्त्रियांच्या अंगावरून पांढरें जाण्याचा विकार आजकालचा नव्हे. चरकसंहितेंत योनिरोगांचे वीस प्रकार वर्णिले आहेत. वैद्यांनीं या स्रावास श्वेतप्रदर म्हटलें, तर घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं धुपणी. परंतु नांवें असूनहि हें दुखणें कोणापुढें बोलून दाखविण्याची रीत नव्हती. आणि जें बोललें जात नाहीं त्यावर औषध तरी कसें मिळावें?

ही अडचण आनंदीबाई जोशी यांनीं ओळखली होती. १८८३ सालीं बंगालमधील श्रीरामपूर येथील व्याख्यानांत, हिंदुस्थानांत स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे असें त्यांनीं प्रतिपादिलें. १८८६ त फिलाडेल्फिया येथें त्यांनीं पदवी मिळविली; परंतु दुसऱ्याच वर्षीं त्या निवर्तल्या. शास्त्र मात्र पुढें जात होतें. या रोगाचा एक सूक्ष्म जंतु, ट्रायकोमोनास, पॅरिसच्या डोने यांनीं १८३६ मध्येंच सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला होता. शास्त्रास जंतु दिसला, पण खेड्यांतील रुग्ण दिसण्यास आणखी दीडशें वर्षें लागलीं.

तें कार्य गडचिरोली जिल्ह्यांत घडलें. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं तेथील दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व १९८९ सालीं तिचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. शेंकडा ५५ स्त्रियांनीं तक्रार सांगितली होती. प्रत्यक्ष तपासणींत शेंकडा ९२ जणींस कांहीं ना कांहीं स्त्रीरोग आढळला. पूर्वीं अशी तपासणी झालेल्या अवघ्या शेंकडा ८ होत्या. ज्यास लोक बाईचें नशीब समजत होते, तो रोग होता हें या आंकड्यांनीं सिद्ध केलें.

मग तो ओळखावा कसा? थोडा, पातळ, वासरहित स्राव हा निसर्गाचा नियम आहे. त्यास रोग समजूं नये. दह्याच्या कवडीसारखा घट्ट स्राव व असह्य खाज असल्यास बहुधा बुरशीची बाधा असते. मधुमेहांत, गरोदरपणीं किंवा प्रतिजैविक औषधें घेतल्यावर ती अधिक होते. करडसर पातळ स्राव व मासळीसारखी दुर्गंधी हें जिवाणूंचा समतोल बिघडल्याचें लक्षण. पिवळट-हिरवट, फेसाळ स्राव ट्रायकोमोनासकडे बोट दाखवितो. तथापि लक्षणें एकमेकांत मिसळतात, म्हणून तपासणी हवीच.

तिहींचीं औषधें निरनिराळीं आहेत. शेजारणीची गोळी आपल्यास लागू पडेलच असें नाहीं. ट्रायकोमोनासमध्यें पतीनेंहि त्याच वेळीं उपचार घ्यावा लागतो, नाहींतर रोग परतून येतो. आंतून धुणें, साबण किंवा जंतुनाशक द्रव्यें वापरणें यांनीं अपायच होतो. ओटीपोटांत दुखणें, ताप, पाळी गेल्यावर रक्तस्राव, किंवा गर्भारपण असल्यास विलंब न लावतां डॉक्टरीण गांठावी.

गडचिरोलीचें खेडें असो, दौंड तालुक्यांतील वरवंड असो कीं पुण्यांतील वाडा असो, शरीराचे नियम एकच. सासूनें सुनेस व आईनें लेकीस हें दुखणें निःसंकोचपणें विचारावें. औषधाची पहिली मात्रा तीच होय.